वाचकांचे प्रश्न : इटलीत एका दिवसात डोंगरमाथ्यावरची दोन गावं

मध्य इटलीतली डोंगरमाथ्यावरची जुनी गावं रेल्वे आणि बसने पाहता येतील का, असं विचारणारी बरीच पत्रं या वेळी आली आहेत. बहुतेकांना एका दिवसात दोन गावं करायची आहेत आणि गाडी भाड्याने घ्यायची नाही. त्यातले निवडक प्रश्न पुढे घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही दोघं रोममध्ये चार दिवस आहोत. त्यातल्या एका दिवसात ओर्व्हिएतो आणि चिविता दी बान्योरेज्यो अशी दोन्ही गावं होतील का? आधी कुठे जावं?

होतील, पण सोमवार ते शनिवारच. ओर्व्हिएतोहून बान्योरेज्योला जाणारी बस रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला नसते. बेत फसतो तो बहुतेक वेळा यामुळेच. आणखी एक मेख आहे. ओर्व्हिएतो उंब्रिया प्रांतात आहे आणि चिविता लात्सिओत. ही बस लात्सिओची कोत्राल कंपनी चालवते, म्हणून ओर्व्हिएतोच्या शहर-बसच्या तक्त्यात ती सापडत नाही. ती कोत्रालच्या संकेतस्थळावरच शोधावी लागते.

आधी लांबचं गाव उरकावं, असं कोणालाही वाटेल. इथे ते जमत नाही, कारण बसच्या वेळा पर्यटकांसाठी नसून शाळा आणि नोकरीवाल्यांसाठी आखलेल्या आहेत. भल्या सकाळी एक-दोन बस, मग मधे मोठी पोकळी आणि पुढची बस दुपारी साडेबारा-एकच्या सुमारास. बान्योरेज्योहून परतीची शेवटची बस साधारण साडेपाचची. म्हणजे सकाळ ओर्व्हिएतोत, दुपार चिवितात, हाच क्रम. नेमक्या वेळा आदल्या संध्याकाळी पाहून घ्या. जून आणि सप्टेंबरमध्ये शाळांबरोबर त्या बदलतात.

रोमा तेर्मिनीहून ओर्व्हिएतोला रिजनाले, म्हणजे साधी प्रांतिक गाडी, सव्वा ते दीड तास घेते. नऊच्या सुमारास पोहोचेल अशी गाडी पकडा. तेर्मिनीवर स्टेशनात शिरलात म्हणजे गाडीजवळ आलात असं समजू नका. काही रिजनाले '१ एस्त' आणि '२ एस्त' या आडबाजूच्या फलाटांवरून सुटतात आणि तिथवर चालायला सात-दहा मिनिटं जातात. ऐन वेळी आलेले लोक तिथेच गाडी चुकवतात.

ओर्व्हिएतोचं स्टेशन डोंगराच्या पायथ्याशी आहे. समोरच्या चौकातून फुनिकोलारे, म्हणजे दोरीवर ओढली जाणारी चढणीची रेल्वे, दोनेक मिनिटांत वर पियाझ्झा काहेन या चौकात पोहोचवते. १८८८ मध्ये ती पाण्याच्या वजनावर चालायची. १९९० पासून विजेवर आहे. वर उतरल्याबरोबर डावी-उजवीचा निर्णय करावा लागतो. पोझ्झो दी सान पात्रित्सिओ ही विहीर तिथून दोन मिनिटांवर आहे, कॅथेड्रल मात्र गावाच्या आत, पंधरा मिनिटं हलक्या चढणीवर. दोन्ही पाहायचं तर आधी कॅथेड्रल करा आणि विहीर परतीच्या वाटेवर ठेवा.

विहीर चुकवू नका. १५२७ मध्ये रोमची लूट झाल्यावर पोप क्लेमेंट सातवा ओर्व्हिएतोत आश्रयाला आला. वेढा पडला तर गावाला पाणी कमी पडू नये म्हणून त्याने ती अंतोनियो दा सांगाल्लो या वास्तुकाराकडून खोदवून घेतली. खोली ५० मीटरहून जास्त. दोन गोल जिने एकमेकांत गुंफलेले, एक फक्त उतरायचा आणि एक फक्त चढायचा. पखाली वाहणारी खेचरं समोरासमोर येऊन अडू नयेत ही त्यामागची युक्ती. पायऱ्या २४८ उतरायच्या आणि तितक्याच चढायच्या. याला पाऊण तास ठेवा. कॅथेड्रलचं काम १२९० मध्ये सुरू झालं. आतल्या सान ब्रित्सिओ चॅपेलमध्ये लुका सिन्योरेल्लीची भित्तिचित्रं आहेत. नुसता दर्शनी भाग बाहेरून पाहून परत फिरणारे बरेच असतात, आणि त्यांचं खरोखरच नुकसान होतं.

सव्वाबारापर्यंत फुनिकोलारेने खाली या. बस स्टेशनसमोरून मिळते, तिकीट स्टेशनवरच्या बारमध्ये किंवा तबाक्कीत, म्हणजे तंबाखू-तिकिटांच्या दुकानात, आधीच घ्या. परतीचंही तिथेच घेऊन ठेवा. चालकाकडे घेतलं तर महाग पडतं आणि त्याच्याकडे नेहमी सुटे असतात असं नाही. जेवणाचं आधीच ठरवा. स्वयंपाकघरं साडेबाराच्या आधी उघडत नाहीत आणि अडीचला बंद होतात. सव्वाबाराला निघणाऱ्याला ओर्व्हिएतोत बसून जेवण मिळत नाही आणि चिवितात पोहोचेपर्यंत दोन वाजतात. कोर्सो काव्होर रस्त्यावरून पानिनो, म्हणजे सँडविच, बांधून घेणं सगळ्यात सोयीचं.

बस पाऊण तासाच्या आसपास घेते आणि बान्योरेज्यो गावात सोडते, चिवितात नाही. बसथांब्यापासून पुलाच्या तोंडापर्यंत वीस-पंचवीस मिनिटांची चाल आहे. पुलापर्यंत लहान बसही फिरते. पुढे सुमारे ३०० मीटरचा, १९६५ मध्ये बांधलेला पादचारी पूल. त्याचा शेवटचा टप्पा चांगलाच खडा आहे आणि डोक्यावर सावली नाही. पुलाशी माणशी ५ युरोचं तिकीट लागतं. चिविता मऊ ज्वालामुखीय खडकावर वसलेलं आहे. खालची चिकणमाती पावसाने वाहून जाते, वरचा खडक कडेने तुटत राहतो, आणि गावाच्या कडेची घरं दरीत जात आली आहेत. वर्षभर राहणारी माणसं आता मोजकीच. गाव फिरायला तास-सव्वा तास पुरतो, दीड तास म्हणजे चैन.

शेवटच्या बसच्या आधीची बस गाठायची, हे मनाशी पक्कं करूनच निघा. संध्याकाळी पुलाकडून बसथांब्याकडे येताना वाट थोडी चढते आणि उतरतानाचा हिशेब तिथे चुकतो.

प्रश्न : फ्लॉरेन्सहून सान जिमिन्यानो आणि व्होल्तेर्रा. नकाशावर दोन्ही अगदी शेजारी दिसतात. बसने करावं का?

करू नका. दोन्हींमध्ये जेमतेम तीस किलोमीटरचा रस्ता आहे, गाडीने पाऊण तासही लागत नाही, पण थेट बस नाही. सान जिमिन्यानोहून खाली पोज्जीबोन्सी, तिथून कोल्ले दी व्हाल देल्सा आणि तिथून व्होल्तेर्रा, असा तीन बसचा फेरा पडतो. मधली वाट पाहणं धरून दीड ते अडीच तास जातात. कोल्लेहून व्होल्तेर्राला जाणाऱ्या बस दिवसाला थोड्याच, रविवारी तर फारच कमी. व्होल्तेर्राला वेगळा दिवस द्या, रात्रीचा मुक्काम केलात तर उत्तमच.

सान जिमिन्यानोला जोडीदार हवाच असेल तर चेर्ताल्दो आल्तो घ्या. हे नाव यादीत फारसं दिसत नाही, पण रेल्वेने जाणाऱ्यासाठी याहून सोयीची जोडी शोधून सापडणार नाही. कारण सरळ आहे. पोज्जीबोन्सी आणि चेर्ताल्दो दोन्ही एम्पोली–सिएना याच रेल्वेमार्गावर आहेत आणि एकमेकांपासून दहा मिनिटांवर.

फ्लॉरेन्सच्या 'फिरेन्झे सान्ता मारिया नोव्हेल्ला' स्टेशनवरून सिएनाकडे जाणारी गाडी पकडा. पोज्जीबोन्सीला उतरायला साधारण सव्वा तास. काही गाड्यांना एम्पोलीला बदल असतो, तो तिकीट काढतानाच पाहा. स्टेशनबाहेर आलात की समोरच आउतोलीने तोस्काने कंपनीची १३० क्रमांकाची बस. सान जिमिन्यानो वीस-पंचवीस मिनिटं. आठवड्याच्या दिवशी बस बऱ्यापैकी सतत असतात. ती पोर्ता सान जोव्हान्नी या दक्षिण दरवाज्याशी सोडते. तिथे उतरल्याबरोबर परतीचा थांबा कुठे आहे ते पाहून ठेवा आणि फलकावरच्या वेळांचा फोटो काढून घ्या. रस्त्याच्या चुकीच्या बाजूला उभं राहून बस डोळ्यांदेखत जाताना पाहणं हा इथला नेहमीचा प्रकार आहे.

गावात एके काळी ७२ मनोरे होते असं सांगतात, आज चौदाच्या आसपास उरले आहेत. त्यांतला सर्वांत उंच तोर्रे ग्रोस्सा ५४ मीटरचा, आणि तो चढता येतो. सहलींच्या बस साडेदहापासून यायला लागतात, म्हणून साडेनऊला वर पोहोचलात तर पहिला तास निवांत मिळतो. मनोरा त्या तासातच चढा.

दोनच्या सुमारास पोज्जीबोन्सी, तिथून गाडीने चेर्ताल्दो. स्टेशनपासून पाच मिनिटांवर पियाझ्झा बोकाच्चो आणि तिथूनच वरच्या गावात नेणारी फुनिकोलारे. वरचं गाव तांबड्या विटांचं, एका मुख्य रस्त्याचं, गर्दी नसलेलं. टोकाला पालाझ्झो प्रेतोरिओ, त्याच्या दर्शनी भिंतीवर जुन्या अधिकाऱ्यांची कुलचिन्हं बसवलेली. दोन तास भरपूर झाले. संध्याकाळी चेर्ताल्दोहूनच फ्लॉरेन्सची गाडी. रेल्वेचं तिकीट तीन तुकड्यांत काढा. सकाळी पोज्जीबोन्सीपर्यंत, मग पोज्जीबोन्सी–चेर्ताल्दो आणि चेर्ताल्दो–फ्लॉरेन्स वेगळं. जाता-येताचं एकत्र काढून मधेच उतरण्याच्या भानगडीत पडू नका.

सिएना आणि सान जिमिन्यानो ही जोडी सगळे सुचवतात. बसने ती शक्य आहे, पण सिएनाला अर्धा दिवस देणं म्हणजे तिथला चौक पाहून पळणं. आम्ही ती सुचवणार नाही.

प्रश्न : आसिसीबरोबर एखादं लहान गाव जोडायचं आहे. पेरुजा नको, शहर फार मोठं वाटतं.

स्पेल्लो. आसिसीहून रेल्वेने दहा मिनिटं, फोलिन्योच्या दिशेने. दोन्ही एकाच मार्गावर असल्याने मधे बसचा प्रश्न येत नाही आणि रविवारीही हा बेत टिकतो. फक्त सगळ्याच गाड्या स्पेल्लोला थांबत नाहीत, ते पाहूनच गाडी निवडा.

सकाळी स्पेल्लो आणि मग आसिसी, असा क्रम ठेवा. लहान गावांतली चर्च साधारण साडेबारा ते तीन बंद असतात, आसिसीची सान फ्रांचेस्को बसिलिका मात्र दुपारी उघडी राहते. उलट क्रमाने गेलात तर भर दुपारी स्पेल्लोत बंद दारांसमोर उभे राहाल. तिथे पाहायचं ते मुख्यतः सान्ता मारिया माज्जोरे चर्चमधलं बाल्योनी चॅपेल. पिंतुरिक्क्योने १५०१ मध्ये रंगवलेलं. स्टेशनपासून पोर्ता कोन्सोलारे हा रोमन दरवाजा दहा मिनिटांवर, त्यानंतर चढ. स्टेशनवर तिकीट खिडकीचा भरवसा धरू नका, पुढचं तिकीट मोबाइलवर काढून ठेवा.

आसिसीचं स्टेशन गावात नाही. ते खाली सपाटीवर सान्ता मारिया देल्यी आंजेलीत आहे, गावापासून चारेक किलोमीटरवर. स्टेशनबाहेरून 'सी' क्रमांकाची बस साधारण अर्ध्या तासाने असते. तिकीट स्टेशनवरच्या वर्तमानपत्राच्या दुकानात मिळतं. बसिलिका दिसली की लोक पहिल्याच थांब्यावर उतरतात आणि मग दिवसभर गाव चढत बसतात. त्याऐवजी थेट पियाझ्झा मात्तेओत्तीपर्यंत, म्हणजे गावाच्या वरच्या टोकापर्यंत जा. तिथून सान रुफिनो आणि सान्ता क्यारा ही चर्च, रोमन मिनर्व्हा मंदिराचा चौक आणि शेवटी बसिलिका, असा सगळा रस्ता उताराचा. बसिलिकेच्या खाली पियाझ्झा जोव्हान्नी पाओलो द्वितीयवरून परतीची बस.

बसिलिकेचं बांधकाम १२२८ मध्ये सुरू झालं. २६ सप्टेंबर १९९७ च्या भूकंपात वरच्या चर्चच्या छताचा भाग कोसळून आत चार माणसं दगावली. भित्तिचित्रांत दिसणारी ठिगळं त्यानंतर जुळवलेल्या तुकड्यांची आहेत. प्रवेश मोफत आहे, पण खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, दारात खरोखर अडवतात. ४ ऑक्टोबरला संत फ्रान्सिसचा सण असतो, त्या दोन-तीन दिवसांत जाऊ नका. परतीच्या गाडीला वेळ असेल तर स्टेशनपासून दहा मिनिटांच्या चालीवरच्या दुसऱ्या मोठ्या बसिलिकेत पोर्त्सिउंकोला हे लहानसं चॅपेल पाहून घ्या.

प्रश्न : तिकीट असूनही दंड झाल्याचं ऐकलं. हे कसं होतं?

रिजनाले गाडीचं कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावा लागतो. न मारलेलं तिकीट पुन्हा वापरता येतं, म्हणून तपासनीस ते तिकीट नसल्यासारखंच धरतात. मोबाइलवरच्या रिजनाले तिकिटाला शिक्क्याऐवजी 'चेक-इन' करावं लागतं, चढण्यापूर्वी. नुसतं तिकीट फोनमध्ये असून भागत नाही. जलद आणि इंटरसिटी गाड्यांच्या तिकिटावर गाडी आणि आसन ठरलेलं असतं, तिथे हे काही नाही. रिजनालेचं भाडं अंतरावर ठरतं, आधी काढून स्वस्त पडत नाही. त्यामुळे परतीचं तिकीट संध्याकाळीच काढा, एखादी गाडी हुकली तरी चिंता नाही. बसच्या तिकिटालाही बसमधल्या यंत्रात शिक्का लागतो.

प्रश्न : आमच्याकडे रविवारच मोकळा आहे. मोन्तेपुल्चानो आणि पिएन्झा जमेल?

रविवारी नाही. एरवी दोन्हींमध्ये बस आहे, वीसेक मिनिटांची, पण ती सोमवार ते शनिवारची. बसच्या तक्त्यावर 'फेरियाले' लिहिलेलं म्हणजे सोमवार ते शनिवार, 'फेस्तिव्हो' म्हणजे रविवार आणि सुट्ट्या, 'स्कोलास्तिको' म्हणजे फक्त शाळेचे दिवस. शनिवार फेरियालेत मोडतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. सुट्ट्यांमध्ये २५ एप्रिल, १ मे, २ जून, १५ ऑगस्ट, १ नोव्हेंबर आणि ८ डिसेंबर धरा.

आठवड्याच्या दिवशी जाणार असाल तर एक सूचना. 'मोन्तेपुल्चानो' नावाचं रेल्वे स्टेशन गावापासून दहाएक किलोमीटरवर, सपाटीत आहे. उतरायचं क्यूझी–क्यांचानो तेर्मेला, तिथून बस.

रविवारसाठी आसिसी–स्पेल्लो हाच बेत धरा.

प्रश्न : बरोबर सत्तरीची आई आहे, गुडघे दुखतात. कोणती गावं टाळावी?

चिविता टाळाच, पुलाचा शेवट त्यांना झेपणार नाही. मोन्तेपुल्चानोचा मुख्य रस्ता बसथांब्यापासून वरच्या चौकापर्यंत चढतच जातो. कोर्तोनाही तसंच. ओर्व्हिएतो मात्र चालेल. वर पोहोचलात की माथा बराच सपाट आहे, फुनिकोलारेपासून कॅथेड्रलपर्यंत लहान बस मिळते. विहीर तेवढी सोडा. पिएन्झा लहान आणि आतून जवळजवळ सपाट. पेरुजाला पियाझ्झा पार्तिज्यानीवरून रोक्का पाओलिना या जुन्या किल्ल्याच्या पोटातून सरकते जिने थेट वरच्या रस्त्यावर नेतात, आणि रेल्वे स्टेशनजवळच्या फोन्तिव्हेज्जेवरून मिनिमेत्रो ही लहान शहर-रेल्वे आहेच. शहर मोठं असलं तरी गुडघ्यांना ते सगळ्यात सोपं. दगडी फरशी सगळीकडे गुळगुळीत झालेली आहे. पावसात चामडी तळव्याचे बूट घसरतात.

प्रश्न : शाकाहारी जेवण मिळेल का?

मिळेल. तोस्कानात पिची आल्ल'आल्योने, म्हणजे लसूण-टोमॅटोची जाड शेवई, आणि उंब्रियात भाजी व चीज भरलेला तोर्ता अल तेस्तो हा चपटा पाव. सूपमध्ये मांसाचा रस किंवा चरबी असू शकते, विचारून घ्या. जाड शेवईवरच्या सॉसमध्ये 'चिंग्याले' दिसलं तर ते रानडुक्कर. पेकोरिनो चीज बनवताना बहुधा प्राण्यांपासून मिळणारं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा पदार्थ, वापरलेलं असतं, काटेकोर पाळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

प्रश्न : संप असेल किंवा शेवटची बस चुकली तर?

संपाला 'शोपेरो' म्हणतात. तारखा आधी जाहीर होतात, बहुधा शुक्रवारच्या आसपास येतात. कामाच्या दिवशी रेल्वेच्या संपातही सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक प्रांतिक गाड्या धावतात. बससाठी वेळा प्रत्येक ठिकाणी वेगळ्या. म्हणून संपाच्या दिवशी फक्त रेल्वेवर चालणारी जोडी घ्या आणि दोन्ही टोकं या वेळांत बसवा. वेळापत्रकात 'बस सोस्तितुतिव्हो' लिहिलं असेल तर गाडीऐवजी बस आहे. ती फलाटावरून नव्हे, स्टेशनबाहेरून सुटते आणि जास्त वेळ घेते.

शेवटची बस चुकली तर रस्त्यावर हात दाखवून टॅक्सी थांबत नाही. ती फोन करून बोलवावी लागते. जवळच्या बारमध्ये शिरा, एक कॉफी घ्या आणि त्यांना फोन लावायला सांगा. भाडं बोलूनच बसा. बान्योरेज्यो ते ओर्व्हिएतो अंतर वीसेक किलोमीटर आहे आणि टॅक्सीला ओर्व्हिएतोहूनही यावं लागू शकतं, तेव्हा दोन्ही बाजूंचे पैसे मागितले तर आश्चर्य नको. बसच्या तिकिटाच्या कित्येक पट होतील. रोमची शेवटची रिजनाले किती वाजता आहे ते टॅक्सी येईपर्यंत पाहून ठेवा आणि फुनिकोलारेने वर जाण्याचा मोह टाळून थेट स्टेशनवरच उतरा.